दे परत, घे परत

४ फेब्रुवारी

टिटवे,

आशीर्वाद आहेतच, दर पत्रात लिहून शाई घालवत नाही. फोनवर मला तुझं अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी चुकीचं ऐकते, म्हणून लिहिते.

तुझं पाकीट मिळालं. पोस्टमनने वाकवून दारात कोंबलं होतं, पण आतली तबकडी शाबूत आहे. ती वाजवायला माझ्याकडे काही नाही हे ठाऊक असून पाठवलीस, म्हणजे बघायलाच पाठवली असणार. बघितली. फोटोत तुझे केस विंचरलेले नाहीत. एवढ्या लोकांना दाखवायचा फोटो, अख्ख्या कंपनीत कुणाकडे कंगवा नव्हता?

वरच्या मजल्यावरची नर्स जिन्यात भेटली. म्हणाली, "आजी, तुमच्या नातीचं सिंगल आलं, ऐकलं का?" मी म्हटलं, ती सिंगल आहे हे मला चार वर्षं माहीत आहे, त्यात बोंबलून सांगण्यासारखं काय? ती बया कठड्याला धरून हसत बसली. एकच गाणं असलं की त्याला सिंगल म्हणतात, असं मग कळलं. पुष्कळ असली की काय म्हणतात, संसारी?

खालच्या न्हाव्याकडे रेडिओ असतो. शनिवारी त्यावर गाजणाऱ्या गाण्यांची यादी वाचतात. त्यात तू अडतिसावी. आधीच्या शनिवारी त्रेचाळिसावी होतीस म्हणे. म्हणजे पाचने घसरलीस. तरी तो येडा कात्री वाजवत नाचत होता, गिऱ्हाइकाचा कान थोडक्यात वाचला. तू धीर सोडू नकोस. मीसुद्धा इस्पितळाच्या धुलाईखान्यात पहिल्या वर्षी तीन चादरी जाळल्या होत्या.

आता मुद्द्याचं. तबकडीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय ते भिंग लावून वाचलं. चाल तुझी, आवाज तुझा. बरं. पण पुढे 'शब्द: पारंपरिक'. हा पारंपरिक कोण? माझ्या इस्त्रीच्या टेबलाखाली बसून तू ते शब्द ऐकलेस, तेव्हा तुला दुधाचे दात होते. तिथे तर कुणी बाप्या नव्हता. कंपनीच्या मालकाचा जावई आहे का? आयत्या बिळावर नागोबा!

माझं नाव घाल असं मी म्हणत नाही. माझं तर घालूच नकोस. पण भलत्याचंही नको.

केस विंचर.

तुझी आजी


१३ फेब्रुवारी

आजी,

तुझं पत्र मी गाडीत सगळ्या वादकांना वाचून दाखवलं. आमचा ड्रमवाला अजून 'संसारी, संसारी' करतोय.

आधी यादीचं. आकडा कमी झाला की आपण वर चढलो, आजी. एक नंबर सगळ्यात वरचा. आज आपण एकोणिसाव्या आहोत! माझी आधीची तीन गाणी कुठल्या यादीत तर नाहीच, कुणाच्या कानातही गेली नव्हती. चौथं हे, आणि हे धावत सुटलंय. का, ते मला स्वतःलाच कळत नाही. शब्द चारच ओळींचे:

टोक धर, लांब सर,
ओढू नको, सैल कर,
ये जवळ, दे परत,
हात सोड, घे परत.

मी फक्त चाल संथ केली आणि मागे एक गिटार ठेवली. परवा पहिल्या रांगेत एक गृहस्थ ढसाढसा रडत होते. बायको सोडून गेलीय म्हणे. 'हात सोड, घे परत' आलं की सगळं सभागृह माझ्याबरोबर गातं, मला गायची गरजच उरत नाही.

आणि पारंपरिक हे कुणाचं आडनाव नाही गं! पारंपरिक म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, कुणा एकाचं नसलेलं. मी डिसेंबरात तुला विचारलं होतं, हे शब्द कुणाचे? तू कार्डावर लिहून पाठवलंस: 'कुणाचे नाहीत. पूर्वीपासून चालत आलेत. उगाच खोदू नकोस.' तेच कार्ड मी कंपनीला दिलं, त्यांनी तसं छापलं.

आता कंपनीला दहा गाण्यांची मोठी तबकडी काढायचीय आणि हे गाणं लांबवून हवंय. चार ओळी मी चारदा गाते. लोक विचारतात, पुढे काय होतं? तो परत येतो का? तुला दुसरं कडवं नक्की येत असणार. पाठव. लवकर.

तुझी टिटवी

ता. क. केस मुद्दाम तसे ठेवलेत. त्यासाठी एक बाई खास नेमली होती.


२४ फेब्रुवारी

टिटवे,

केस बिघडवायला बाई नेमतात हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि आधी स्वतःचे केस विंचरून घेतले.

यादीचं कळलं. आकडा लहान, मान मोठा. आता अकरावी आहेस, न्हाव्याने आरशावर खडूने लिहिलंय. गिऱ्हाइकाला वाटतं अकरा वाजलेत.

पारंपरिकचंही कळलं. म्हणजे कुणीच नाही, त्याचं नाव पारंपरिक. असं सरळ लिहायला काय होतं? तुला एक विचारते. समजा एखादं गाणं पारंपरिक म्हणून छापलं आणि मागाहून निघालं की ते कुणाचं तरी आहे, तर काय करतात? कुणाला पकडतात का? मी माझ्यासाठी विचारत नाही. न्हावी विचारत होता.

परवा एक चष्मेवाला आला होता. चष्मे विकायला नव्हे, त्याचं मोठ्या रस्त्यावर दुकान आहे. माझ्या खुर्चीच्या टोकावर बसला आणि म्हणाला, "माझी आई धुलाईखान्यात तुमच्या समोर उभी असायची. तिला सगळ्या सुतळी म्हणायच्या." होती एक. काटकुळी, पण तुटायची नाही, म्हणून सुतळी.

तो आणि त्याची बायको दिवसभर दुकानात असतात. सुतळी घरात एकटी. दोनदा गॅस चालू राहिला तेव्हा तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, वय झालंय, लक्ष ठेवा. तिथवर ठीक होतं. पण आता रेडिओवर तुझं गाणं लागलं की ती उठून उभी राहते आणि सांगते, हे मी केलंय. शेजाऱ्यांना सांगते, दूधवाल्याला सांगते. सून म्हणते, अहो आई, ते जुनं पारंपरिक गाणं आहे, रेडिओवाले स्वतः सांगतात. तर ती सुनेवर ताट फेकते. डॉक्टरीणबाईंनी कागदावर 'भ्रम' असं लिहिलंय. भ्रम पक्का ठरला तर तिला वृद्धनिवासात ठेवतील. भ्रमवाल्यांना ठेवतात त्या मजल्यावर दाराला बाहेरून कडी असते.

त्याने विचारलं, "खरंच तिने केलं होतं का हो काही?"

मी म्हटलं, बाबा, तीस वर्षं झाली, मला माझे दात कुठे ठेवलेत ते आठवत नाही.

तो 'बरं' म्हणाला. जाताना माझ्या चष्म्याचा ढिला स्क्रू फुकट घट्ट करून गेला. तेव्हापासून मला सगळं फार स्पष्ट दिसतंय आणि ते काही बरं नाही.

कडवं मागितलंस, घे:

पाणी तापव, साबण घाल,
मुकादमाचं नाक लाल,
डाग गेला तर बरं,
नाही गेला तर मर.

आजी


६ मार्च

आजी,

तिसऱ्या! आपण तिसऱ्या आहोत! मोठ्या शहराच्या मोठ्या सभागृहाची तिकिटं एका सकाळी संपली. मला आनंद व्हायला हवा. होतोय बहुतेक. नीट कळत नाही.

तुझं कडवं मी विरहाच्या गाण्यात बसवू कसं? 'नाही गेला तर मर' म्हणून मी गिटारकडे बघितलं आणि गिटारवाल्याने माझ्याकडे. पण कंपनीने एक तज्ज्ञ ठेवलेत, जुन्या गाण्यांचे. त्यांनी चष्मा काढून ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "अस्सल आहे. डाग म्हणजे आत्म्यावरचा डाग. भाषा बघता निदान तीनशे वर्षं जुनं." आता रेडिओवर माझ्याही तोंडून तीनशे वर्षं गेलंय. आजी, खरं सांग, हे कडवं तू केलंस ना? मला त्यात तू दिसतेस, आत्मा दिसत नाही.

तुझ्याकडे आलेल्या चष्मेवाल्यानेच कंपनीलाही लिहिलं होतं, पत्र फिरत फिरत माझ्याकडे आलं. फार नम्र पत्र आहे. 'आईच्या डॉक्टरांना दाखवायचं आहे. हे गीत पारंपरिक असून कोणा एका व्यक्तीचं नाही, असं लेखी मिळाल्यास उपकार होतील.' मी लगेच सही करून दिलं. कंपनीने त्याला तुझ्या डिसेंबरच्या कार्डाची नक्कलही जोडली, म्हणजे पुरावा पक्का. बिचाऱ्याचं काम झालं असेल. झालं ना?

तुझं मागचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात काहीतरी आहे आणि ते माझ्या हाताला लागत नाही. न्हाव्याला गाण्याच्या कायद्याशी काय करायचंय? आणि स्क्रू घट्ट केल्याचं तुला वाईट का वाटावं?

टिटवी


१२ मार्च

टिटवे,

सही करायच्या आधी मला विचारलं असतंस तर... काही नाही. विचारलं असतंस तरी मी खोटंच सांगितलं असतं.

आता खरं सांगते. मधे मधे थांबून 'अगं आजी' करू नकोस, सरळ वाच.

इस्पितळाची चादर एका बाईला घडी करता येत नाही, लांब असते. दोघी लागतात. दोन टोकं हिच्या हातात, दोन तिच्या. लांब सरकायचं, चादर ताणायची, मग चालत जवळ यायचं, आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची, वाकून खालची घडी उचलायची, पुन्हा मागे. दिवसाला सातशे चादरी. मी आणि सुतळी समोरासमोर होतो. सुरुवातीला आमची डोकी आपटायची. मी पुढे तर ती मागे, ती ओढायची, मी पडायची. वाफेने समोरचं माणूस धड दिसायचं नाही. मग तिने हे शब्द जुळवले. टोक धर, लांब सर. दोघींचे पाय एका वेळी पडायला लागले. आठ दिवसांत सगळी रांग तेच म्हणत होती.

आणि 'परत' म्हणजे तुझं ते परत येणं-जाणं नाही. परत म्हणजे कापडाची परत. घडीतला थर. दे परत, घे परत. ही परत तू दे, ती परत मी घेते. तुझ्या पुढच्या रांगेतला तो रडका गृहस्थ चादरीच्या घडीवर रडतोय. मला हे आधीच सांगायला हवं होतं, पण लोक इतके मनापासून रडतात म्हणालीस, म्हटलं रडू देत, मोकळे होतील.

दोन वर्षांनी नवा मुकादम आला. त्याला आवाज खपायचा नाही. एक दिवस मशीन बंद करून त्याने विचारलं, हे रेकणं कुणी सुरू केलं? सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी बोट दाखवलं. मला दाराजवळचं बरं टेबल हवं होतं, तिथे वाफ कमी. तोंडाने बोलले असते तर निदान खोकला आला असं म्हणता आलं असतं. बोटाला काय म्हणणार?

सुतळीला त्याने पलीकडच्या खोलीत घातलं, जिथे मळकी गाठोडी सोडायची. दोन वर्षं. हातांची सालटी निघाली तिच्या. मला टेबल मिळालं. ती एक शब्द बोलली नाही, मीही नाही, आणि मग ती सवयच झाली. म्हणून डिसेंबरात तू विचारलंस तेव्हा मी 'कुणाचे नाहीत' लिहिलं. तिचं नाव लिहायला घेतलं की बोटाचं लिहावं लागतं.

चष्मेवाल्याला एका श्वासात सांगता आलं असतं. नाही सांगितलं. आता तुझ्या सहीचा कागद आणि माझ्याच अक्षरातलं कार्ड त्याच्या खिशात आहे. वरची नर्स त्याच डॉक्टरीणबाईंकडे असते, ती सांगत होती, तेवीस तारखेला डॉक्टरीणबाई त्याच्या घरी येऊन ठरवणार. निवासातली खाट सांगून ठेवलीय.

तू दुसरा कागद पाठव. आधीचा खोटा म्हणून लिही. आजीने फसवलं म्हणून लिही, मला चालेल.

आजी


१७ मार्च

आजी,

काय लिहू कळत नाही. तीन कागद फाडले.

काल आपण पहिल्या झालो. कंपनीतल्यांनी मला खांद्यावर घेतलं. तुझं पत्र माझ्या खिशात होतं आणि ते कुरकुरत होतं.

दुसरा कागद मी लिहिला, डॉक्टरांच्या पत्त्यावर गेलाय. पण त्याचा उपयोग होईल असं वाटत नाही. कंपनी म्हणते, आमच्या तज्ज्ञांनी तीनशे वर्षं म्हटलंय. वर म्हणते, ज्या आजीने डिसेंबरात एक लिहिलं आणि मार्चमध्ये दुसरं, तिचं कुठलं धरायचं? मलाही तेच विचारायचंय.

रागावलेय का? हो. तुझ्यावर, त्या मुकादमावर, स्वतःवर, आळीपाळीने. तुला विचारून झालं म्हणजे सगळं विचारून झालं, असं मी धरून चालले. एका म्हाताऱ्या बाईला वेडी ठरवायच्या कागदावर माझी झोकदार सही आहे, तीच, जी मी हल्ली मुलांच्या वह्यांवर करते.

काल गाताना डोळे मिटले तर चादरी दिसायला लागल्या. लोक रडत होते आणि मी घडी घालत होते. गंमत म्हणजे गाणं बिघडलं नाही. मला वाटतं पहिल्यांदाच बरोबर झालं. हे तरी कुणी समजावून सांगा.

तेवीसला माझा कार्यक्रम आहे, हजार किलोमीटरवर. मोडता येत नाही. तू जा. कागदाने होणार नाही आजी, तुलाच जावं लागेल. तोंडाने सांग. बोटाने नको.

टिटवी


२५ मार्च

टिटवे,

शेवटचं वाक्य झोंबलं. तुझ्यासारखी नात वैऱ्याला मिळो. गेले.

चष्मेवाल्याचं घर दुकानापासून दोन गल्ल्या सोडून आहे. चार माणसांच्या खोलीत सात खुर्च्या. डॉक्टरीणबाई होती, तरुण, हातात फाईल. चष्मेवाला उभा, सून उभी. सुतळी खिडकीपाशी बसलेली, पायाशी भरलेली पिशवी. पिशवीवर स्वेटर घडी करून ठेवला होता. घडी बघूनच ओळखलं असतं मी तिला, तोंड बघायची गरज नव्हती.

तिने माझ्याकडे बघितलं आणि सुनेला विचारलं, "ही कोण?"

माझं अर्धं अवसान तिथेच गेलं. तरी मी उभ्याउभ्या सांगून टाकलं. गाणं हिचं आहे. मी समोर होते. मी नातीला खोटं लिहिलं, नातीने कंपनीला दिलं, कंपनीने छापलं.

डॉक्टरीणबाईने फाईलमधून माझ्या कार्डाची नक्कल काढली. "हे अक्षर तुमचंच?"

"माझंच."

"मग तुम्ही खरं कधी बोललात? तेव्हा की आता?"

"आता."

तर खिडकीतून आवाज आला, "ती कधीच खरं बोलत नाही. तिचं काही लिहून घेऊ नका."

बघ म्हणजे! ओळखलं होतं तर तिने मला. मी जिला वेडी नाही म्हणून सांगायला गेले, तीच मला खोटारडी म्हणते. चष्मेवाला कपाळाला हात लावून बसला. त्याला कुणाचं खरं धरावं कळेना. माझं खरं धरलं तर आई शहाणी, पण आई शहाणी असेल तर मी खोटारडी, आणि मी खोटारडी असेन तर आई... मलाही चक्कर यायला लागली.

सुतळी मात्र उठून उभी राहिली. "मंगळवार होता," म्हणाली. "दोन नंबरचा बॉयलर बंद होता म्हणून मशीनं लवकर थांबली. मुकादमाचा वरचा दात पडलेला, बोलताना थुंकी उडायची. त्याने विचारलं आणि हिने डाव्या हाताचं बोट केलं."

"उजव्या," मी म्हटलं.

"डाव्या! उजव्यात चादर होती. सोडली असतीस तर माझ्या पायावर पडली असती. तेवढी काळजी घेतलीस माझी."

"मी उजव्या हातानेच सगळं करते."

"चुगल्या डाव्याने करतेस."

तुला सांगते, अर्धा तास. तिने टेबलांचे नंबर सांगितले, कोण बाई कुणासमोर ते सांगितलं, पलीकडच्या खोलीत पहिल्या दिवशी किती गाठोडी आली ते सांगितलं. माझ्या डोक्यावर कुठला रुमाल होता ते सांगितलं. मी जिथे तिथे नाही म्हटलं आणि दर वेळी तीच बरोबर निघाली. डॉक्टरीणबाईने लिहायचं थांबवलं होतं आणि गालावर हात ठेवून ऐकत होती.

मग विचारलं, "आजी, म्हणजे सगळं गाणं तुमचं?"

"सगळं कुठे?" सुतळी म्हणाली. "तीन ओळी माझ्या. शेवटची हिची."

मी म्हटलं, काय?

"मला टोक धरून ठेवायची खोड होती. वाफेत कळायचं नाही तिने धरलंय की नाही, म्हणून मी सोडायचे नाही. ही केकाटायची, 'हात सोड! घे परत!' रोज केकाटायची. मी तेच गाण्यात घातलं. विचारा तिला."

डॉक्टरीणबाईने मला विचारलं, "आठवतं?"

टिटवे, मला आठवत नाही. मी खूप आत जाऊन बघितलं. वाफ आठवते, चादरी आठवतात, तिचं टोक न सोडणं आठवतं. माझा आवाज आठवत नाही. तुझ्या त्या सभागृहात हजार माणसं जी ओळ गातात, ती माझी म्हणे, आणि माझ्याकडे तिचा मागमूस नाही.

"नाही आठवत," म्हटलं.

"तिला कसं आठवेल?" सुतळी म्हणाली. "ती भांडत होती."

तेव्हा त्या बाईने फाईलमधला एक शब्द खोडला. मला उलटा दिसत होता, पण वाचला. चष्मेवाल्याला म्हणाली, "भ्रमातलं माणूस सगळं स्वतःकडे ओढतं. यांनी सगळ्यात चांगली ओळ नावडत्या बाईला देऊन टाकली." मग कोरा कागद काढून माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही, आज तारीख काय?"

मी म्हटलं, बावीस.

तेवीस होती. सुतळी इतकी हसली की सुनेने पाणी आणलं.

तर ती घरीच राहतेय. गॅसचं मात्र खरं आहे, त्यामुळे दुपारी कुणीतरी सोबत हवं असं ठरलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सुतळी म्हणाली, "ही येईल. हिला काय काम आहे? आणि माझं बोलून संपलेलं नाही. आज फक्त त्या मंगळवारचं झालं." सुनेने पिशवीवरचा स्वेटर उचलून कपाटात ठेवला, पण नीट ठेवला नाही.

कालपासून जातेय. काल ती बुधवारचं बोलली.

पुढच्या तबकडीवर छापायला तिने नाव लिहून दिलंय, सोबतचा कागद बघ. मी लिहिलेलं तिला चालेना, विश्वास नाही म्हणाली. स्वतःच्या हाताने लिहिलंय, म्हणून अक्षर असं तिरकं. तिने चौथ्या ओळीपुढे माझंही नाव घातलं. मी खोडलं. तिने पुन्हा घातलं. मला आठवत नाही ते मी माझं कसं म्हणू? पुन्हा खोडलं. तिसऱ्यांदा तिने इतकं दाबून लिहिलं की कागद फाटायला आला, तेव्हा मी सोडून दिलं.

तुला जे वाचता येईल ते छाप.

आजी